देशाच्या दुसऱ्या टोकाला घर हलवताना पैसे नेमके कशाचे जातात?

वाटसरू

एकाच घरासाठी, त्याच दोन गावांमधली तीन कोटेशनं मागवली की आकड्यांत दीडपट-दुप्पट फरक सहज निघतो. मग कुणी सगळ्यात स्वस्त उचलतं, कुणी "मधलं बरं" म्हणून मधलं. पण हे तिघं एकाच कामाचा भाव सांगतायत की तीन वेगळ्या कामांचा, हे कोटेशनच्या कागदावरून बहुतेक वेळा कळत नाही.

म्हणून हा धागा. भाडं कशावर ठरतं, काय न्यावं आणि काय विकून टाकावं, विम्यात कुठे फसायला होतं, ऐनवेळी बिल का फुगतं, यावर जाणकारांनी लिहावं. भाव प्रत्येक ठिकाणी वेगळे, त्यामुळे रकमा नकोत. मोजायची पद्धत हवी आहे. सामान उशिरा आलं वगैरे अनुभवांसाठी वेगळा धागा काढू.

काटेकोर

सुरुवात अंतरापासून करू नका, घनफुटांपासून करा.

ट्रकच्या मानाने घरसामान हलकं असतं. बांधलेलं सामान सरासरी घनफुटाला तीन-सव्वातीन किलो धरतात. त्यामुळे वजनाची मर्यादा यायच्या कितीतरी आधी ट्रकची जागा संपते. आपण भाडं देतो ते जागेचं.

मोजायची रीत सोपी आहे. लांबी, रुंदी, उंची इंचांत घ्या, गुणाकार करा, १७२८ ने भागा. उत्तर घनफुटांत येतं.

२४ × २७ × ६२ इंचांचा फ्रिज: सुमारे २३ घनफूट.
७८ × ३६ × १९ चं लोखंडी कपाट: सुमारे ३१.
७२ × ६० × ६ ची गादी: १५.
१८ इंची चौकोनी खोका: ३.४ च्या आसपास.

सोफा मोजताना तो ज्या चौकोनात मावेल तो अख्खा चौकोन धरा. हाताच्या आणि पाठीच्या मधली पोकळीही भाड्यातच येते, कारण तिथे फार तर दोन उशा जातात. पलंग, जेवणाचं टेबल यांची मापं सुटे भाग करून घ्या. टेबलाचे पाय निघत असतील तर घनफळ पाचव्या हिश्श्यावर येतं.

आता ट्रक. आतून १४ फूट लांब, ६ रुंद, ६ उंच म्हणजे ५०४ घनफूट. पण त्यात पाचशे घनफूट सामान बसत नाही. फटी राहतात, काही वस्तूंवर काही ठेवता येत नाही, काही उभ्याच न्याव्या लागतात. साधारण पाचवा हिस्सा वाया धरा. हातात राहिले ४०० च्या आसपास. तुमची यादी ४३० ची झाली तर भाडं पुढच्या मोठ्या गाडीचं लागेल. वरचे तीस घनफूट म्हणजे फक्त ते एक कपाट.

यादी स्वतः करा, आणि तीच सगळ्यांना पाठवा. फोनवर "दोन खोल्यांचं सामान आहे" असं सांगितलं की प्रत्येक जण आपापल्या डोक्यातल्या दोन खोल्यांचा भाव देतो. तुमच्या तीन कोटेशनांतला निम्मा फरक इथेच असतो.

अबोली

काटेकोर, छान मांडलंत. विकायचं की न्यायचं, यासाठी मी हे सूत्र सुचवते.

एकूण भाडं भागिले एकूण घनफूट = एका घनफुटाचा भाव. वस्तूचे घनफूट गुणिले तो भाव, अधिक तिच्या पॅकिंगचा, खोलण्या-जोडण्याचा खर्च, हा झाला नेण्याचा खर्च. दुसऱ्या बाजूला तिथे तशीच वस्तू घ्यायला लागणारी रक्कम, वजा इथे ती विकून येणारी रक्कम. नेण्याचा खर्च जास्त निघाला तर विका.

"तशीच" म्हणजे तितकीच वापरलेली. नव्याच्या किमतीशी तुलना केली की प्रत्येक जुनी वस्तू न्यावीशी वाटते.

दप्तरी

अबोली, सूत्र बरोबर आहे, पण ते सामायिक गाडीलाच लागू पडतं.

पूर्ण गाडी ठरवली असेल तर भाडं गाडीचं असतं. ४०० च्या जागी ३७० घनफूट भरले म्हणून एक पैसाही कमी होत नाही. तिथे वस्तू एकेक करून तोलायची नाही. "इतक्या वस्तू काढल्या तर खालच्या मापाची गाडी चालेल का" एवढाच प्रश्न विचारायचा. चालत असेल तर तेवढ्या सगळ्या काढा. नसेल तर रिकाम्या जागेत जुनी खुर्चीसुद्धा जाऊ द्या, ती फुकट जाते आहे. फक्त हमाली आणि पॅकिंग धरा.

सामायिक गाडीत, म्हणजे चार घरांचं सामान एकत्र जातं तिथे, प्रत्येक घनफूट मोजून पैसे लागतात. तिथे तुमचं सूत्र चपखल.

अबोली

मान्य. सूत्राच्या आधी "सामायिक गाडी असेल तर" जोडून वाचावं.

खटपट्या

सामायिक की पूर्ण, हे ठरवताना नुसतं भाडं बघू नका, हात किती लागतात ते मोजा.

पूर्ण गाडीत सामान दोनदा उचललं जातं. घरातून गाडीत, गाडीतून घरात. सामायिकमध्ये घरातून छोट्या गाडीत, छोट्या गाडीतून गोदामात, गोदामातून मोठ्या ट्रकमध्ये, तिथून दुसऱ्या गोदामात, तिथून परत छोट्या गाडीत आणि मग घरात. सहा वेळा. सामान रस्त्यावरच्या खड्ड्यांपेक्षा या उचल-ठेवीत जास्त फुटतं, कारण दर वेळी रचणारा माणूस वेगळा आणि खोक्यात काय आहे हे त्याला ठाऊक नसतं.

म्हणून सामायिकमध्ये पॅकिंग एक पायरी वरचं लागतं. तीन प्लायच्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या तीन थरांच्या, जागी पाच प्लायचे खोके. काच आणि टीव्ही लाकडी चौकटीत. हा वाढीव खर्च भाड्यात मिळवून मग तुलना करा. सामान गाडीच्या निम्म्याहून बरंच कमी असेल तर तरीही सामायिकच परवडतं. निम्म्याच्या वर गेलं की पूर्ण गाडीचा भाव जरूर विचारा, फरक वाटतो तेवढा राहत नाही.

आणि तारीख. सामायिकमध्ये "अमुक दिवशी" नसतं, "अमुक ते अमुक दिवसांत" असतं. गाडी भरेपर्यंत सामान गोदामात थांबतं. तेवढे दिवस तिकडे अंथरूण, भांडी, राहण्याची सोय याला जो खर्च येईल तो याच रकान्यात लिहा.

काटेकोर

दिशेबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. त्याच दोन गावांमध्ये जाण्याचं आणि येण्याचं भाडं सारखं नसतं. ज्या गावातून माल भरपूर निघतो तिथे जाणारी गाडी परतताना भरून येते, म्हणून तिकडे जायचं भाडं कमी बसतं. जिथून परतीचा माल मिळत नाही, तिथे जाणाऱ्याला गाडीच्या रिकाम्या परतीचेही पैसे भरावे लागतात. म्हणून परतीच्या गाड्या असणाऱ्या गावच्या वाहतूकदाराला, म्हणजे तुम्ही जिथे चाललात तिथल्या माणसालाही भाव विचारावा. त्याची गाडी तुमच्याकडून रिकामी निघणार असेल तर तो कमी भावात तयार होतो.

दुसरं, दिवस. महिनाअखेर, महिन्याचा पहिला आठवडा, शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्ट्या यांत मागणी चढते. महिन्याच्या मध्यावर, आठवड्याच्या मधल्या वारी भाव करायला जागा असते.

पाना-पक्कड

यंत्रांचं लिहितो. यांच्या बाबतीत लोक भाडं धरतात आणि खोलण्या-बसवण्याचं विसरतात.

स्प्लिट एसी. नेण्याचा खर्च चार तुकड्यांत येतो: काढणं, वाहतूक, बसवणं, आणि नव्या जागेत लागणारी तांब्याची जास्तीची नळी. काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये परत घ्यायचा असतो. कूलिंगवर मशीन चालू ठेवून आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करतात, दाब उतरला की जाड नळीचा, आणि लगेच मशीन बंद. हे न करता नळ्या सोडल्या तर सगळा गॅस हवेत जातो, आणि पाचवा खर्च, गॅस भरण्याचा, अंगावर येतो. काढणाऱ्या माणसाला आधीच विचारा, "गॅस लॉक करून देणार ना?" नळ्यांची उघडी तोंडं लगेच टोपणं लावून किंवा टेपने बंद करून घ्या. आत ओल, धूळ गेली तर कॉम्प्रेसरला भोवते.

नव्या जागी नळ्या जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा काढायची आणि मग व्हॉल्व्ह उघडायचे. पुष्कळ जण ही पायरी गाळतात. जुना एसी असेल तर ही बेरीज करून पाहा, विकणं बरं असं वारंवार निघतं.

फ्रिज. आदल्या दिवशी बंद, बर्फ वितळवून आतून कोरडा, काचेच्या फळ्या बाहेर काढून वेगळ्या. उभाच न्यायचा. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं, आणि तसाच सुरू केला तर कॉम्प्रेसर तेलाविना फिरतो. आडवा न्यावाच लागला तर पोचल्यावर निदान तेवढाच वेळ उभा ठेवून मग प्लग लावा. एक अख्खा दिवस थांबलात तर उत्तमच.

फ्रंट लोड वॉशिंग मशीन. मशीन नवं आलं तेव्हा मागच्या बाजूला तीन-चार लांब बोल्ट होते, त्यांना ट्रान्झिट बोल्ट म्हणतात. आतला ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हे बोल्ट लावले नाहीत तर वाटभर तो आत आपटत जातो, शॉक अ‍ॅब्झॉर्बर जातात आणि बाहेरून एक ओरखडाही दिसत नाही. खालच्या फिल्टरचं झाकण उघडून उरलेलं पाणीही काढा.

टीव्ही. उभाच न्यायचा. मोठा पॅनल आडवा ठेवला की स्वतःच्या वजनाने वाकतो, वर काही पडायचीही गरज नसते.

दप्तरी

पाना-पक्कड यांनी "बाहेरून ओरखडाही दिसत नाही" असं लिहिलं, तिथूनच विम्याकडे येतो. विजेच्या उपकरणांत बाहेरून मार दिसत नसेल आणि आतून बिघाड असेल, तर पुष्कळ पॉलिसींत तो वगळलेला असतो. म्हणून निघण्याआधी प्रत्येक उपकरण चालू स्थितीत असल्याचा व्हिडिओ घ्या, मागचा सीरियल नंबर दिसेल असा.

आता मुख्य गोंधळ. कोटेशनवर "विमा समाविष्ट" लिहिलेलं असतं. त्याचे दोन पूर्ण वेगळे अर्थ होतात. एक, वाहतूकदार स्वतः घेत असलेली जबाबदारी. ती मर्यादित असते, कुठे वजनावर, कुठे भाड्याच्या प्रमाणात. वजनावर असेल तर पाच किलोच्या लॅपटॉपच्या खोक्याची भरपाई पाच किलोचीच. दोन, विमा कंपनीची तुमच्या नावाची मालवाहतूक पॉलिसी. तिचा नंबर असतो, कागद असतो, तुमच्या वस्तूंची यादी आणि किंमत तिला जोडलेली असते. गाडी सुटण्याआधी हा कागद हातात नसेल तर पहिल्या प्रकारचंच समजा.

पॉलिसीतले तीन खाचखळगे:

१. किंमत कमी लावू नका. हप्ता वाचवायला १०० च्या सामानाची किंमत ६० लिहिली, आणि २० चं नुकसान झालं, तर कमी रकमेच्या विम्याचं कलम लावून भरपाईही त्याच प्रमाणात कापतात. २० च्या ऐवजी १२ मिळतात. "नुकसान ६० च्या आतच आहे ना" हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

२. तुम्ही स्वतः बांधलेल्या खोक्यातल्या आतल्या फुटीची भरपाई सहसा मिळत नाही. खोका बाहेरून धड, आत कप फुटलेले, तर बांधणी तुमची. म्हणून पॅकिंगवर पैसे वाचवायचे असतील तर कपडे, पुस्तकं, अंथरुणं स्वतः बांधा. काच, चिनी माती, यंत्रं त्यांच्या माणसांना बांधू द्या.

३. भरताना त्यांचा माणूस यादीत शेरे लिहितो: "ओरखडा", "कोपरा तुटका". सही करण्याआधी हे वाचा. धड कपाटाला "पोचे आहेत" असा शेरा पडला असेल तर तिथल्या तिथे खोडून घ्या आणि फोटो काढा. उतरल्यावरच्या दाव्यात हाच कागद पुढे येतो.

उतरवताना "सर्व सामान चांगल्या स्थितीत मिळाले" यावर घाईत सही करू नका. गाडीवाला घाई करणारच. निदान खोक्यांचे नंबर जुळवा आणि सहीच्या वर लिहा: "खोके उघडून पाहिलेले नाहीत, नंबर २३ चा कोपरा दबलेला." नुकसान कळवायची मुदत करारात असते, ती आधीच वाचून ठेवा.

वाटसरू

हे अगदी हवं होतं. ऐनवेळी वाढणाऱ्या खर्चाबद्दल कुणी लिहील का?

काटेकोर

बिल फुगतं ते बहुतेक दोन दारांशी. मधल्या हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये फारसं काही बदलत नाही. कोटेशन मागतानाच दोन्ही टोकांचं हे सांगा आणि उत्तर लेखी घ्या:

मजला कितवा, लिफ्ट आहे का, लिफ्टमध्ये कपाट मावतं का. लिफ्टच्या दाराची उंची मोजा, आतल्या केबिनची नाही. सोसायटी सामानासाठी लिफ्ट वापरू देते का, कोणत्या वेळात. दारापासून गाडी उभी राहील तिथपर्यंत किती पावलं. गल्लीत मोठा ट्रक शिरतो का. शिरत नसेल तर टोकाला छोटा टेम्पो लावून फेऱ्या कराव्या लागतात, आणि हा खर्च दिवसभराच्या हमालीसकट येतो. नव्या जागेचं हे सगळं तुम्हालाच माहीत नसेल तर तिथल्या कुणाला फोटो काढून पाठवायला सांगा.

थांबण्याचे पैसेही विचारा. गाडी पोचली आणि किल्ली मिळाली नाही, तर किती तास फुकट आणि त्यानंतर तासाला की दिवसाला आकार?

वजनावर भाडं ठरलं असेल तर रिकाम्या गाडीची आणि भरलेल्या गाडीची, दोन्ही काट्याच्या पावत्या घ्या. दोन्ही वेळा टाकीतलं इंधन आणि गाडीतली माणसं सारखी हवीत. रिकामी गाडी तोलून मग वाटेत ३०० लिटर डिझेल भरलं, तर अडीचशे किलोच्या आसपास वजन तुमच्या नावावर चढतं.

दप्तरी

यात फसवणुकीची एक ठरलेली चाल जोडतो. फोनवर फारच कमी भाव, थोडी आगाऊ रक्कम, आणि सामान गाडीत चढल्यावर "माल जास्त निघाला" म्हणून नवा आकडा. सामान त्यांच्या ताब्यात, घर रिकामं करून द्यायचं, माणूस मान्य करतो.

उपाय भरायच्या आधीच करावे लागतात. कोटेशनला तुमची घनफुटांची यादी जोडा आणि "या यादीसाठी एकूण रक्कम" असा शब्द घाला. यादीबाहेरच्या वस्तूचा घनफुटाचा भाव तिथेच लिहून घ्या. कोटेशन, बिल्टी (वाहतूकदार देतो ती माल नेण्याची पावती), बिल आणि बँक खातं या चारही ठिकाणी एकच नाव हवं. गाडीचा नंबर बिल्टीवर आणि गाडीवर ताडून बघा. पैसे टप्प्याने: थोडे ठरवताना, मोठा भाग भरून झाल्यावर, आणि काही भाग सामान उतरल्यावर. सगळी रक्कम आधी मागणाऱ्याला सोडून द्या, भाव कितीही चांगला असो.

खटपट्या

पॅकिंगचे काही मुद्दे, जिथे पैसे खरोखर वाचतात किंवा जातात.

पुस्तकं छोट्या खोक्यात. १५ × १२ × १२ इंचांचा खोका सव्वा घनफुटाचा, पुस्तकांनी भरला की वीस किलोच्या घरात जातो. १८ इंची खोका पुस्तकांनी भरलात तर पन्नास किलोच्या वर जाईल, तळ फाटेल, आणि एकट्या हमालाला उचलवणार नाही. पुस्तकं फार असतील तर ती पोस्टाने किंवा रेल्वे पार्सलने वेगळी पाठवायचा भाव काढा. कुरिअर किंवा विमानाने उशा, रजया मात्र पाठवू नका. तिथे आकारावरून वजन काढतात: सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५००० (काही जण ६०००). ६० × ५० × ५० चा उशांचा खोका काट्यावर सहा किलो भरला तरी बिल तीस किलोचं.

तळाला टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर. नुसती मधली पट्टी कडेने सुटते. खोका गच्च भरा. अर्धा रिकामा खोका वरच्या ओझ्याखाली बसतो आणि त्याच्यावरची रांग कलते. ताटल्या उभ्या ठेवा, आडव्या रचल्या तर खालच्या तडकतात. नंबर खोक्याच्या दोन बाजूंना लिहा. वर लिहिलेला, रचल्यावर दिसत नाही.

पॉलिशच्या लाकडावर थेट बबल रॅप नको. उन्हात तापलेल्या गाडीत फुग्यांचे ठसे पॉलिशवर उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. आधी जुनी चादर किंवा कागद, मग रॅप.

पार्टिकल बोर्डचं फर्निचर: स्क्रू एकदा काढला की भोक सैल होतं. दुसऱ्यांदा जोडलं की दारं लोंबतात. असं कपाट लांब नेऊच नये असं माझं ठाम मत. अस्सल लाकडाचं मात्र खुशाल न्या.

सिलिंडर, रॉकेल, थिनर, रंगाचे डबे, अ‍ॅसिड, स्प्रेचे कॅन यांतलं काहीही सामानात घालू नका. आग लागली तर विमाही हातचा जातो. दागिने, कागदपत्रं, औषधं, हार्ड डिस्क स्वतःबरोबर.

पाना-पक्कड

दुचाकी राहिली. पेट्रोल जवळजवळ संपवून द्या, बॅटरीची तार सोडा, आरसे काढून खोक्यात टाका, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो घ्या. हँडल आणि टाकीला आधी फोम, मग खोका. नुसता पुठ्ठा टाकीवर घासून रंग नेतो.

अबोली

फ्रंट लोडचे ते ट्रान्झिट बोल्ट बहुतेकांकडे नसतात. बसवायला आलेला माणूस काढून देतो आणि ते कुठेतरी हरवतात. मग काय करायचं?

पाना-पक्कड

मॉडेल नंबर सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. सुटे बोल्ट मिळतात, आणि नव्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरच्या मानाने फारच स्वस्त पडतात. मागवायला वेळ लागतो, म्हणून तारीख ठरली की लगेच ऑर्डर द्या. दुसऱ्या मॉडेलचे चालत नाहीत, लांबी आणि रबरी बूच वेगळे असतात.

पोचल्यावर मशीन सुरू करण्याआधी ते काढायला विसरू नका. बोल्टसकट स्पिन केलं तर अख्खं मशीन थरथरत जागेवरून सरकतं. काढलेले बोल्ट पिशवीत घालून मशीनच्या मागेच टेपने चिकटवा.